न लिहिण्याचं पेन

पेनाच्या दुकानात काउंटरवर एक पॅड ठेवलेलं असतं, पेन चालवून बघायला. दुकानात गर्दी नसेल तेव्हा त्याचं वरचं पान नीट वाचावं. दोनचार ठिकाणी 'श्री' असतो, कोणीतरी गोल गोल भेंडोळी काढलेली असतात, आणि बाकी सगळ्या सह्या. झोकदार, खाली दोन रेघा ओढलेल्या, शेवटच्या अक्षराचं शेपूट कागदाबाहेर गेलेल्या. तालुक्यातले सगळे वर्ग एक अधिकारी त्या दिवशी तिथूनच गेले असावेत, असं वाटतं. 'शनिवारी दुधाचा खाडा' असं कोणी लिहून बघत नाही. 'इस्त्रीला कपडे 11, पैकी साडी 1' असंही कोणी लिहीत नाही. घरी गेल्यावर त्या पेनाच्या नशिबी नेमकं हेच असतं.

पेन घेताना माणूस स्वतःसाठी घेत नाही; आपण जे कोणी व्हायचं राहून गेलं, त्याच्यासाठी घेतो. म्हणून ते जाडजूड, सोनेरी क्लिपचं, मखमली पेटीतलं पेन घरी येतं आणि कपाटात जातं. सह्या करण्याचे प्रसंग वर्षातून चार. त्यातले दोन कुरिअरवाल्याच्या मोबाइलवर बोटाने उरकतात.

टेबलाशी बसून रोज चार ओळी लिहिणाऱ्याला कसं पेन लागतं, हा प्रश्न वेगळा आहे. त्याचं उत्तर शोधायचं तर आधी असा माणूस टेबलाशी बसून करतो काय, ते बघायला हवं. तो वही उघडतो. तारीख घालतो. एक वाक्य लिहितो. मग थांबतो. पंख्याकडे बघतो. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजतो आणि तिसरीनंतर गॅस बंद झाला नाही म्हणून अस्वस्थ होतो. मघाच्या वाक्यातला 'परंतु' खोडून 'पण' करतो. पुन्हा थांबतो. तासाभराच्या लिखाणात पेन कागदावर चालतं ती मिनिटं फार थोडी. बाकीचा वेळ ते हातात नुसतं धरलेलं असतं. तेव्हा रोजच्या पेनाचं मुख्य काम लिहिणं हे नाहीच. मुख्य काम वाट बघणं. ज्याला वाट बघता येते ते चांगलं पेन.

या कसोटीवर बॉलपेनचा हात कोणी धरणार नाही, हे आधीच कबूल करून टाकू. लास्लो बिरो हा हंगेरीतला पत्रकार. छापखान्यातली शाई चटकन वाळते आणि आपल्या पेनातली मात्र फरफटते, याला तो वैतागला. त्याने रसायनं जाणणाऱ्या भावाला हाताशी घेतलं, दाट शाई आणि टोकाला फिरणारी गोळी अशी जोडी जमवली आणि 1938 मध्ये पेटंट घेतलं. ते पेन उघडं ठेवा, पालथं ठेवा, खिडकीत विसरा, रुसत नाही. पण दाट शाई बाहेर काढायची तर गोळी दाबून फिरवावी लागते. दोन पानं झाली की अंगठा बोलायला लागतो, आणि वहीच्या पुढच्या पानावर मागच्या पानाचे वळ उठतात. कार्बन घालून तीन प्रती काढायच्या असतील तर हा गुणच आहे. आपल्याला एकच प्रत काढायची असते, आणि तीही बहुतेक वेळा फाडायची असते.

शाईच्या पेनाला दाब लागत नाही. निबेच्या मधोमध जी चीर असते ती शाई आपणहून ओढून घेते. टोक कागदाला टेकलं की झालं. अडचण शाई खाली आणण्याची नव्हतीच, आत हवा सोडण्याची होती. जेवढी शाई बाहेर तेवढी हवा आत गेली नाही तर पेन अडतं, जास्त गेली तर ओकतं. निबेच्या पोटाशी जी काळी जीभ असते तिच्यातल्या बारीक खाचा हे देणंघेणं सांभाळतात. लुईस वॉटरमन या अमेरिकन गृहस्थाने 1884 मध्ये अशा जिभेचं पेटंट घेतलं आणि तिथून शाईपेन माणसात आलं. पण जी निब हवेवर जगते ती हवेनेच वाळते. तुम्ही 'परंतु' की 'पण' याचा विचार करत बसलात की टोकावरची शाई सुकते. मग कागदावर नुसते ओरखडे, मग झटका, मग भिंतीवर आणि शर्टावर ठिपके. शाळेत आपण हे ठिपके पुढच्याच्या पाठीवर सोडत असू आणि वहीवर पडलेला डाग खडूच्या तुकड्याने टिपत असू. निळा झालेला तो खडू गुरुजींच्या हाती लागला की चौकशी व्हायची.

गेल्या शंभर वर्षांत पेन करणाऱ्यांनी आपली बरीचशी अक्कल या एका वाळण्यामागे घातली आहे. 1941 मध्ये पार्करने '51' नावाचं पेन आणलं. त्याची निब जवळजवळ सगळी टोपराखाली लपलेली, टोकच काय ते बाहेर, म्हणजे वारा लागायला नको. आपल्याकडे घरोघरी खिशाला लागलेलं असायचं ते चिनी 'हिरो' याच वळणाचं. त्याचं घुंगट कशासाठी होतं, हे आपण कधी विचारलं नाही. आपल्याला त्याचं सोनेरी टोपण पुरेसं होतं. 1963 मध्ये जपानच्या पायलट कंपनीने टोपणच नसलेलं शाईपेन काढलं. निब आत घेतली की तोंडाशी बारीकशी झडप मिटते. प्लॅटिनम या दुसऱ्या जपानी कंपनीने टोपणाच्या आत स्प्रिंगवरचं आणखी एक टोपण बसवलं. महिनोन्‌महिने न उघडताही पेन पहिल्याच अक्षराला सुरू होतं, आणि हीच युक्ती त्यांच्या अगदी स्वस्त प्लास्टिकच्या पेनातही आहे. टोपण घट्ट बसतं की नाही हे बघणं म्हणूनच पेनाचा रंग बघण्यापेक्षा महत्त्वाचं. फुंकर मारून हवा सुटते का ते पाहावं. दुकानदार विचित्र नजरेने बघेल, बघू द्यावं.

मराठी लिहिणाऱ्याला आणखी एक अडचण आहे. इंग्रजी अक्षरं जोडून लिहिणारा शब्द संपेपर्यंत हात उचलत नाही. आपण काना द्यायला उचलतो, मात्रेला उचलतो, अनुस्वाराला टिंब टेकवतो आणि शेवटी मागे जाऊन डोक्यावर रेघ ओढतो. 'कोंबडीवाल्यांनी' एवढा एक शब्द लिहिताना पेन कितीदा वर जातं आणि खाली येतं ते एकदा मोजा. प्रत्येक वेळी त्याला नव्याने सुरू व्हावं लागतं. शिवाय रेघ ओढायला मागे गेलेला हात ओल्या अक्षरांवरून जातो तो वेगळाच. मोडी लिहिणाऱ्या कारकुनांनी यातून वाट काढली होती: पानभर रेघा आधीच ओढून ठेवायच्या, मग त्यांना लोंबकळत अक्षरं हात न उचलता सलग लिहीत जायची. ऱ्हस्व-दीर्घाची कटकटही त्यांनी ठेवली नव्हती. बोरू दौतीत बुडवला की कोरडा पडेपर्यंत जेवढं होईल तेवढं लिहून घ्यायचं, हा व्यवहार होता. आपण देवनागरीत परतलो, रेघ पुन्हा शेवटी आली, आणि पेनावरचं काम वाढलं.

मग निब बारीक घ्यावी की जाड? बारीक निबेने 'क्ष' आणि 'ध' यांची पोटं मोकळी राहतात, पण खरबरीत कागदावर ती करकरते. जाड निब लोण्यासारखी चालते, पण 'ष' आणि 'थ' मधली पोकळी बुजते आणि साध्या वहीत शाई फुटून मागच्या पानावर जाते. या वादाचा निकाल आपल्याकडे सतराव्या शतकातच लागला आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेवर आहे. त्यात समर्थ सांगतात की तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते कामाला येत नाही, मध्यम लिहावं. आजच्या भाषेत सांगायचं तर 'एम' निब. वयाच्या पंचविशीत सुईच्या टोकाने टिपून ठेवलेल्या वह्या ज्यांनी पन्नाशीत चष्मा वरखाली करत वाचायचा प्रयत्न केला आहे, त्यांना हे पटवून द्यावं लागत नाही. त्याच समासात असंही म्हटलं आहे की ग्रंथाचं पहिलं अक्षर आणि शेवटचं अक्षर एकाच टाकाने लिहिल्यासारखं वाटावं. रोजच्या पेनाबद्दल याहून मोठी अपेक्षा मला सुचत नाही.

सोन्याची निब घ्यावी का, असं कोणी विचारलं तर आधी आजचा भाव बघावा. जुन्या शाया आम्ल असत, लोखंडी निब खात. सोनं त्यांना दाद देत नसे, म्हणून सोनं. आता शाया सौम्य आहेत आणि पोलाद गंजत नाही. शिवाय कागदावर जे टेकतं ते सोनं नसतंच. टोकाला वेगळ्याच कठीण धातूचा कणभर मणी जोडलेला असतो, ज्याला सगळे इरिडियम म्हणतात. सोनं हौसेसाठी घ्यावं, त्यात काही वावगं नाही. पण मग ते सोनं आहे हे घरात सांगावं की नाही, हा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा.

शाई भरायच्या मुख्य पद्धती तीन. सगळ्यांत जुनी ड्रॉपरची: आटे उघडायचे आणि पोटात थेट शाई ओतायची. मुंबईची वॅलिटीची पेनं, गांधीजींनी 1935 मध्ये ज्यांना पत्र पाठवून पसंती कळवली ती राजमहेंद्रीची रत्नम यांची पेनं, हे सगळं याच घराण्यातलं. एकदा भरलं की आठवडे बघायला नको. एकच खोड: शाई संपत आली की ही पेनं जास्त गळतात. पोटात शाई कमी म्हणजे हवा जास्त. हाताच्या उबेने ती हवा फुगते आणि उरलीसुरली शाई निबेतून बाहेर ढकलते. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे इतक्या शब्दशः दुसरीकडे कुठे दिसत नाही. उपाय सोपा आहे, पाव उरली की भरून टाकायची. दुसरी पद्धत पेनातच दट्ट्या असलेली. ऐटदार, पण बिघडला तर पेन पाठवावं लागतं. तिसरी कन्व्हर्टरची: छोटीशी पिचकारी, जेमतेम एक मिलीलिटर शाई मावते, बिघडली तर तेवढीच बदलता येते. रोजच्या टेबलाला मी हीच सांगेन. दर चारसहा दिवसांनी शाई भरावी लागते, हा तिचा दोष नसून गुण आहे. आता शाई भरतोय, मग लिहायला बसतो, असं म्हणून अर्धी सकाळ सन्मानाने घालवता येते.

साठ मिलीलिटरची साधी निळी बाटली वर्ष दीड वर्ष जाते. 1931 मध्ये दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईची पूड आणि वड्या करायला सुरुवात केली. त्यातून पुढे कॅमलिन उभं राहिलं आणि कॅमल शाईची बाटली महाराष्ट्रातल्या प्रत्येक फळीवर जाऊन बसली. ती शाई अजून मिळते आणि रोजच्या कामाला उत्तम आहे. परदेशी शायांच्या नावांत पाचू, मोर, पावसाळी संध्याकाळ असं बरंच काही असतं. पावसाळी संध्याकाळीने इस्त्रीचे कपडे लिहावेत की नाही, हा प्रश्न अभिरुचीचा आहे. फक्त एक बघावं: चित्रकलेची काळी वॉटरप्रूफ शाई पेनात घालू नये. ती एकदा आत वाळली की पेन कायमचं ध्यानस्थ होतं.

पेन नुसतं घेऊन भागत नाही, ते राखावंही लागतं. बँकेत काउंटरला दोरीने बांधलेलं पेन असतं. त्याची रिफील संपलेली असते आणि दोरी तुमच्या स्लिपपर्यंत पोचत नाही. त्यामुळे शेजारचे काका हात पुढे करतात. 'पेन आहे का हो? एक मिनिट.' द्यावं. सुभाषितकारांनी लेखणी परहस्ते गेली की गेलीच असं बजावून ठेवलं आहे खरं, पण काकांना नाही म्हणणं आपल्याला जमत नाही. मात्र टोपण आपल्या हातात ठेवावं. टोपण नसलेलं शाईपेन कोणी खिशाला लावत नाही. पांढरा शर्ट असेल तर नाहीच नाही. काका पेन उलटं धरतील, निब वर करून दाबतील, 'चालत नाही वाटतं' म्हणतील आणि दोन टिंबं सोडून परत करतील. एवढं सोसायची तयारी असेल तर शाईपेन घ्यावं.

आणि घ्यायचं कसं, तर असं. दुकानात पॅडवर सही करू नये. एक साधं, लांब, काना-मात्रा भरलेलं वाक्य लिहावं. मग पेन उघडंच ठेवून दुकानदाराशी बोलत बसावं. धंदा कसा आहे विचारावं. शाळा सुरू होताना गर्दी होते का, हल्ली मुलं काय घेतात, किमती का वाढल्या, सगळं ऐकून घ्यावं. हा माणूस या विषयावर पाच मिनिटं सहज बोलतो. मग पेन उचलावं आणि त्याच वाक्याच्या पुढचा शब्द लिहावा. पहिला काना पहिल्या टेकणीला उमटला तर पैसे मोजावेत. अशी पेनं हजाराच्या आतही मिळतात. त्यांचा एक तोटा मात्र किमतीत धरून ठेवावा: लेख वेळेत का नाही दिला, असं संपादकांनी विचारल्यावर शाई वाळली होती असं पुन्हा कधी सांगता येत नाही.