सेटिंगकाकांचे स्थलांतर

तारापूर औद्योगिक वसाहतीतील समाजजीवनाचे वर्णन करताना कामगार, ठेकेदार, मालक आणि वाहतूकदार यांची नोंद सहसा होते. परंतु कारखान्याचे प्रत्येक पत्र, चलन आणि स्मरणपत्र ज्याच्या बोटांखालून बाहेर पडते, तो कार्यालयातील जुना लिपिक या वर्णनातून बहुधा निसटतो. या लिपिकवर्गातील एका ठळक प्रकाराला प्रस्तुत लेखात ‘सेटिंगकाका’ असे नाव दिले आहे. एकाच संगणकावर दहा-बारा वर्षे काम करून त्यातील प्रत्येक कळ, पट्टी आणि यादी ज्याने आपल्या हाताला वळवून घेतली आहे, आणि नवा संगणक मंजूर झाल्याचे कळताच जो आनंदित होण्याऐवजी दोन दिवस डबा अर्धवट खातो, तो सेटिंगकाका होय. वयाने तो पन्नाशीच्या पुढचा, हुद्द्याने डिस्पॅच किंवा हिशेब खात्यातील वरिष्ठ सहायक, आणि संपूर्ण कार्यालयाच्या दृष्टीने केवळ ‘काका’ असतो.

या प्रकाराचा एक निवडक नमुना दातिवरे येथे वास्तव्यास असतो असे मानले, तर त्याच्या स्वभावाची जडणघडण समजणे सोपे जाते. वैतरणेच्या मुखाशी, खाडीपलीकडच्या अर्नाळ्याकडे तोंड करून वसलेल्या या गावातून बोईसरला कामाला जाणाऱ्या माणसाला प्रथम एस.टी. किंवा सहा आसनी रिक्षाने सफाळे गाठावे लागते, तेथून केळवे रोड, पालघर आणि उमरोळी ही स्थानके मागे टाकत बोईसरला उतरावे लागते, आणि त्यानंतर पुन्हा रिक्षात चौथ्या माणसाने अर्धे शरीर बाहेर ठेवून एमआयडीसीत पोहोचावे लागते. २०१३ साली उपनगरी लोकल विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत धावू लागल्यावर हा प्रवास काहीसा सुसह्य झाला, तरी बस आणि लोकल यांची गाठ पडणे हा आजही योगाचाच भाग मानला जातो. ज्या माणसाच्या दिवसातील बस, गाडी, रिक्षा आणि वरिष्ठांची मनःस्थिती यांपैकी काहीही त्याच्या हातात नसते, तो आपल्या हाती असलेल्या एकमेव गोष्टीची, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरील मांडणीची, पराकाष्ठेने काळजी घेतो.

या काळजीमागे मालकीची भावनाही असते. कारखान्यातील खुर्ची, टेबल, शिक्का आणि पंखा या सर्वांवर पांढऱ्या रंगात मालमत्ता क्रमांक घातलेला असतो आणि तोच क्रमांक संगणकावरही असतो; परंतु त्या संगणकाच्या आत काकांनी वर्षानुवर्षे जे साठविले आहे, त्यावर कोणत्याही लेखापरीक्षकाला क्रमांक घालता आलेला नाही. सेटिंग या संज्ञेचा तांत्रिक अर्थ, वापरणाऱ्याच्या पसंतीप्रमाणे सॉफ्टवेअरच्या वागण्यात केलेला आणि त्या सॉफ्टवेअरने लक्षात ठेवलेला बदल, असा आहे. काकांच्या लेखी मात्र तीस वर्षांच्या नोकरीत स्वतःच्या नावावर जमा झालेली ती एकमेव स्थावर मालमत्ता असते, आणि ती जंगम आहे काय हा प्रश्न नवा संगणक येईपर्यंत उपस्थित झालेला नसतो.

या मालमत्तेचे पहिले अंग म्हणजे वैयक्तिक शब्दकोश. वर्ड या लेखन-सॉफ्टवेअरला जो इंग्रजी शब्द ओळखता येत नाही, त्याखाली ते लाल नागमोडी रेघ ओढते, आणि वापरणाऱ्याने ‘शब्दकोशात जोडा’ असे सांगितले की तो शब्द ‘कस्टम डॉट डिक’ नावाच्या साध्या मजकूर-फाइलीत जाऊन बसतो. सेटिंगकाकांनी हा संगणक हाती आल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात दातिवरे, सफाळे, बोईसर आणि उमरोळी ही नावे त्यांच्या सर्व प्रचलित रोमन वर्णलेखनांसह या फाइलीत दाखल केलेली असतात. त्यानंतर वसाहतीतील रसायनांची नावे, वाहतूकदारांची आडनावे आणि साहेबांच्या मुलीच्या लग्नात लागलेले काही शब्द यांची भर पडत जाते. आपले गाव चुकीचे नाही हे एका अमेरिकी सॉफ्टवेअरला पटवून दिल्याचे समाधान काका उघड बोलून दाखवीत नाहीत, परंतु नव्या संगणकावर ‘दातिवरे’ पुन्हा लाल होताच त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव उमटतो, त्यावरून त्या समाधानाची खोली मोजता येते.

दुसरे आणि अधिक प्रभावी अंग म्हणजे ऑटोकरेक्ट, अर्थात एक अक्षरसमूह टंकताच त्याच्या जागी दुसरा आपोआप बसविणारी यादी. ही सोय मुळात टंकनदोष सुधारण्यासाठी आहे. काकांनी तिचे रूपांतर लघुलिपीत केलेले असते. चार अक्षरे टंकली की महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे पूर्ण नाव पत्त्यासह उमटते, तीन अक्षरांत थकबाकीचे सौम्य स्मरणपत्र सुरू होते, त्याच तीन अक्षरांपुढे आणखी एक जोडले की ते कडक होते, आणि गावकीसाठी राखून ठेवलेल्या दोन अक्षरांत बसची वेळ लोकलशी जुळविण्याबाबतचा विनंतीअर्ज अर्धा तयार होतो. केंद्रीय उत्पादन शुल्काचे अनेक संक्षेप १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर निरर्थक झाले, परंतु काकांनी ते काढलेले नाहीत. कायदा पुन्हा फिरला तर काय, हा त्यांचा युक्तिवाद भारतीय करव्यवस्थेचा इतिहास पाहता सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही.

या यादीतील एक नोंद स्वतंत्र उल्लेखास पात्र आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन आठ तालुक्यांचा पालघर जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा जुन्या सवयीने प्रत्येक पत्रावर ‘जिल्हा ठाणे’ असेच टंकले जाऊ लागल्याने काकांनी एक उपाय योजला: ‘जिल्हा ठाणे’ हे शब्द इंग्रजीत टंकताच त्यांच्या जागी ‘जिल्हा पालघर’ यावे. ऑटोकरेक्टच्या साध्या नोंदी वर्ड, एक्सेल आणि आउटलुक या तिन्ही ठिकाणी सामाईक असल्याने हा आदेश तात्काळ सर्वत्र लागू झाला, आणि त्या दिवसापासून त्या संगणकाच्या कार्यक्षेत्रातून ठाणे जिल्हा नाहीसा झाला. भिवंडीच्या एका ग्राहकाला गेलेली पत्रे अनेक महिने पालघर जिल्ह्याच्या पत्त्यावर जात होती, हे लक्षात आणून दिले असता, “पिनकोड बरोबर आहे ना? मग पोहोचतं,” असे उत्तर मिळाले, आणि ती खरोखरच पोहोचत होती.

तिसऱ्या अंगात मॅक्रो मोडतो. एकापाठोपाठ करावयाच्या अनेक क्रिया एका कळीवर बांधून ठेवण्याच्या सोयीला मॅक्रो म्हणतात, आणि एक्सेलमध्ये असे वैयक्तिक मॅक्रो ‘पर्सनल’ नावाच्या एका अदृश्य कार्यपुस्तिकेत राहतात. काकांचा मॅक्रो पूर्वी कधीतरी उमेदवारीसाठी आलेल्या एका मुलाने बांधून दिलेला असतो, तो मुलगा पुढे दुबईला गेलेला असतो, आणि त्या मॅक्रोच्या आत काय आहे हे पाहण्याचे धाडस कोणी केलेले नसते. महिनाअखेरीस काका तीन कळा एकदम दाबतात, हात मागे घेतात, पडदा काही क्षण थरथरतो आणि मालपाठवणीचा गोषवारा तयार होतो.

ही सर्व संपत्ती सुरक्षित असल्याच्या समजुतीत वर्षे जात असतानाच विंडोज १० या आवृत्तीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि तिच्या पुढची आवृत्ती जुन्या यंत्रांना स्वीकारीत नसल्याने व्यवस्थापनाला संगणक बदलणे भाग पडले. येथे या व्यक्तिचित्रातील दुसरे पात्र प्रवेश करते. वसाहतीतील अनेक लहान कारखान्यांचे संगणक सांभाळणारा हा कंत्राटी तरुण दुचाकीवरून येतो, पाठपिशवीत सर्व प्रकारच्या केबली बाळगतो आणि कोणत्याही दुःखाला “रीस्टार्ट करून बघा” हे एकच उत्तर देतो. तो जुन्या संगणकातील डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि संपूर्ण डी ड्राइव्ह नव्यात उतरवितो, जुन्याची तबकडी, म्हणजे हार्ड डिस्क, काढून घेतो आणि काम पूर्ण झाल्याचे जाहीर करतो. त्यानंतरचा संवाद या क्षेत्रात जवळजवळ सर्वत्र समान आढळतो.

“काका, तुमचा डेटा आला सगळा.”

“डेटा आला रे बाबा, पण माझं सेटिंग कुठंय?”

“कसलं सेटिंग? वॉलपेपर लावून देऊ का जुना?”

या तीन वाक्यांत दोन पिढ्यांचे तत्त्वज्ञान सामावलेले आहे. तरुणाच्या दृष्टीने माणसाने जे निर्माण केले, म्हणजे फाइली, तेच मूल्यवान असते. काकांच्या दृष्टीने ज्या वळणाने ते निर्माण झाले, ते वळण मूल्यवान असते. तांत्रिक वस्तुस्थिती काकांच्या विरुद्ध जाते, कारण शब्दकोश, ऑटोकरेक्टची यादी, कोऱ्या कागदाचे मूळ रूप ठरविणारी ‘नॉर्मल’ नावाची साचा-फाइल आणि ईमेलखालच्या स्वाक्षऱ्या हे सर्व सी ड्राइव्हमध्ये वापरणाऱ्याच्या नावाखालील ‘अ‍ॅपडेटा’ या कप्प्यात राहते, आणि तो कप्पा मुळातच लपविलेला असतो. हा तरुण कप्पा उघडण्याचे विसरत नाही. त्या कप्प्यात कोणाचे काही असू शकते ही कल्पनाच त्याला शिवलेली नसते. दातिवऱ्याच्या किनाऱ्यावरील तांडेलाने, म्हणजे होडीच्या नायकाने, होडी बदलली तरी ज्यांवरून तो दिशा ओळखतो त्या किनाऱ्यावरील खुणा जागच्या जागी राहतात. संगणकाच्या बाबतीत मात्र होडीबरोबर किनाराही बदलतो.

अशा स्थलांतराची सोय पूर्वी नव्हती असे नाही. ऑफिस एक्सपी आणि ऑफिस २००३ या आवृत्त्यांबरोबर ‘सेव्ह माय सेटिंग्ज’ नावाचे एक उपकरण येत असे, जे सर्व पसंतींची एकच फाइल बांधून नव्या यंत्रात उलगडीत असे; २००७ च्या आवृत्तीत मेनूंच्या जागी रिबन नावाची चित्रपट्टी आली आणि हे उपकरण गेले. काका या घटनेकडे दोन स्वतंत्र बदल म्हणून पाहत नाहीत. रिबनवरील वैयक्तिक बदल आजही निर्यात करता येतात, आणि ऑनलाइन खात्यात प्रवेश केल्यास काही पसंती आपोआप नव्या यंत्रावर येतात. परंतु सर्व येत नाहीत, आणि जे येत नाही नेमके तेच काकांचे असते.

सूचनाफलकाच्या बाबतीत संकट आणखी गडद होते. काकांनी मराठी सूचना युनिकोडपूर्व काळातील फॉन्टात टंकलेल्या असतात. अशा फॉन्टात मराठी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या जागी बसविलेली असल्याने, फॉन्ट नसलेल्या यंत्रावर मजकूर उघडताच रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांचा अर्थहीन सडा दिसतो. युनिकोडमध्ये प्रत्येक लिपीतील चिन्हांना स्वतंत्र क्रमांक असल्याने ही आपत्ती येत नाही. ‘सर्व कामगारांस कळविण्यात येते की’ हे वाक्य नव्या पडद्यावर कंसांत आणि टक्केवारीच्या चिन्हांत विरघळलेले पाहून तो तरुण व्हायरसची शंका घेतो, आणि काका त्याच्याकडे, आजोबांची मोडी दप्तरे रद्दीत काढणाऱ्या नातवाकडे पाहावे, तसे पाहतात.

यानंतरच्या काळात काकांचे कार्यालयीन वर्तन बदलते. ते प्रत्येक वाक्याची सुरुवात “जुन्यात असं नव्हतं” या शब्दांनी करतात, पूर्ण पत्ता पूर्ण टंकतात आणि टंकताना तो मोठ्याने वाचतात, जेणेकरून साहेबांच्या केबिनपर्यंत हानीचे स्वरूप पोहोचावे. आउटलुकमध्ये पहिली दोन अक्षरे टंकताच उमटणारी ईमेल पत्त्यांची सूची नाहीशी झाल्याने एक विलक्षण गोष्टही उघडकीस येते: काकांना शेकडो ग्राहक ठाऊक आहेत, परंतु प्रत्येकाची केवळ दोनच अक्षरे. शेवटी महिनाअखेरीला गोषवारा तयार होत नाही, साहेब स्वतः तरुणाला फोन करतात, आणि पाठपिशवीच्या तळाशी अद्याप शाबूत असलेली जुनी तबकडी परत येते. त्या सायंकाळी तरुण कप्पा उघडतो, एकेक फाइल नव्या जागी ठेवतो, काका प्रत्येक फाइल ओळखतात, आणि काकांची लोकल चुकते.

प्रकरण येथे संपावयास हवे, परंतु सेटिंगचा स्वभाव प्रसाराचा असतो. स्मरणपत्रे तीन अक्षरांत तयार होताना पाहून हिशेब खात्यातील नव्या मॅडम ती यादी आपल्या संगणकात मागून घेतात, मग खरेदी खाते घेते, आणि काका वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी शाल-श्रीफळ घेऊन दातिवऱ्याला परततात, तेव्हा संपूर्ण कार्यालय त्यांच्या संक्षेपांत लिहीत असते. त्या यादीत ‘आपला विश्वासू’ या अर्थाचे दोन इंग्रजी अक्षरांचे एक रूप असते, जे टंकताच काकांचे पूर्ण नाव, हुद्दा आणि भ्रमणध्वनी क्रमांक उमटतो. निवृत्तीनंतर काही महिने कंपनीची निम्मी पत्रे त्यांच्याच सहीच्या मजकुराने बाहेर जातात, ग्राहक त्यांनाच फोन करतात, आणि काका अंगणातून मालाची चौकशी ऐकून घेऊन योग्य ती आश्वासने देत राहतात.

ज्या माणसाचे मत तीस वर्षांत एकाही बैठकीत विचारले गेले नाही, त्याच्या नावावाचून आता निम्मी पत्रे निघत नाहीत, हे लक्षात येताच व्यवस्थापन गाडी पाठवून त्यांना सन्मानाने बोलावून घेते. काका येतात, जुन्या खुर्चीवर बसतात, चहा घेतात, यादी उघडून आपल्या नावाची नोंद सर्वांसमक्ष काढून टाकतात, आणि ठाणे जिल्ह्याची तशीच ठेवून परत जातात.