प्रगतीचा रिव्हर्स गिअर

फटाक्यांसाठी नावाजलेल्या तेरखेड्यातील आमच्या एका पाहुण्यांनी नवी तीन दारी थार विकून जुनी बोलेरो घेतली, याबद्दल त्यांचा जाहीर सत्कार व्हायला हवा. २०२० साली आलेल्या या थारमध्ये माणसे बसतात चार; २००० साली अवतरलेल्या बोलेरोत सात, आणि येरमाळ्याच्या यात्रेला बारा.

दोष थारचा मुळीच नाही. ती कडेकपारी चढायला सज्ज होती; सोलापूर-धुळे चौपदरी महामार्गानेच तिला संधी दिली नाही. फोर बाय फोरचा दांडा अखेरपर्यंत कोरा राहिला. मागच्या सीटवर जायला पुढची सीट दुमडून चढावे लागते, त्यामुळे सत्तरीच्या आजींनी मात्र दारातल्या दारात भरपूर ऑफ-रोडिंग केले.

शासनाला नम्र सूचना: प्रत्येक थारमागे एक बोलेरो सक्तीची करावी. पुढच्या गाडीत रुबाब, मागच्या गाडीत कुटुंब आणि खताची पोती.

पाहुण्यांच्या घरी अंमलबजावणी सुरूही झाली. थार धाकट्या भावानेच घेतली. त्याला मुली पाहायला जायचे आहे. बाकीचे मागून बोलेरोतून येतील. मुलीकडच्यांनी विचारलेच, तर ती गाडी शेजाऱ्यांची आहे, असे सांगायचे एकमताने ठरले आहे.