आत्मचिंतन, शब्दमर्यादा पाचशे

‘हाच अभ्यासक्रम का? दहा वर्षांनी स्वतःला कुठे पाहता? अपयशातून काय शिकलात?’ प्रवेशअर्जातले हे प्रश्न मोठ्यांनी आत्मचिंतनासाठी पुन्हा सोडवावेत, ही सूचना स्वागतार्हच आहे. विपश्यनेला दहा दिवस लागतात; इथे पाचशे शब्दांत आत्मा आटोपतो.

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या गणितज्ञ गाउसचं केवढं नुकसान झालं पाहा. १७९२ साली तो तिथल्या कोलेगियुम कारोलिनुममध्ये दाखल झाला, तोही ड्यूकच्या खर्चाने. ड्यूकने पोराची नुसती बुद्धी पाहिली. नेतृत्वगुण नाही, समाजकार्य नाही. बिचारा जन्मभर आकडेमोडच करत बसला.

त्याच संस्थेचं पुढे तांत्रिक विद्यापीठ झालं. तिथे अर्ज करणारी आपली मुलं अधिक सुदैवी. त्यांचं मोटिव्हेशन लेटर पुण्यातच तयार होतं: लहानपणी मिक्सर खोलला, तेव्हापासून जर्मन इंजिनिअरिंगची ओढ. (मिक्सर पुन्हा चालू झाला का, हे शब्दमर्यादेत बसत नाही.)

अशाच एका, आता चाळिशी गाठलेल्या, गृहस्थांनी परवा आत्मचिंतनाला बैठक मारली. पहिल्याच प्रश्नाला अडले, म्हणून रीतसर जुन्या कन्सल्टंटला मेल केला. तत्काळ उत्तर आलं: ‘सर, तुमचं बालपण फाइलला आहे. यंदा चौघांना दिलं, चौघांनाही अ‍ॅडमिशन मिळाली. नवीन अपयश टाकायचं असल्यास चार्ज वेगळा.’