खडीसम्राट

पनवेल तालुक्यात 'खडीसम्राट' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे दगडखाण, डंपरची रांग आणि पांढऱ्या शर्टाच्या खिशात दोन मोबाइल असलेला माणूस उभा राहतो. मी ज्यांच्याविषयी सांगतोय त्यांची एकही खाण नाही. त्यांच्याकडे आहे ती १९६ किलो वजनाची एक मोटरसायकल. खडी कायम दुसऱ्याची. सरकारने टाकलेली, ठेकेदार विसरलेला आणि पावसाने उघडी पाडलेली. तिच्यावर राज्य मात्र यांचं.

सोमवार ते शनिवार सम्राट नवीन पनवेलमधले जागरूक नागरिक असतात. सोसायटीच्या फाटकासमोर गणपतीच्या दिवसांत एक खड्डा पडला, तेव्हा शेजारी फूटपट्टी ठेवून त्यांनी त्याचा फोटो काढला आणि संबंधित खात्याला पाठवला. उत्तर आलं नाही. मग पुन्हा पाठवला, या वेळी खड्ड्यात बादली ठेवून. 'ही करदात्यांच्या मणक्यांची थट्टा आहे' हे वाक्य त्यांच्या दोन्ही निवेदनांत आहे. आणि शनिवारी रात्री नऊ वाजता हाच माणूस आमच्या मोटरसायकलवाल्यांच्या ग्रुपवर लिहितो : 'उद्याचा रस्ता अफलातून. डांबर जवळजवळ नाहीच. साडेचार किलोमीटर निव्वळ खडी. मध्ये ओढा. केएसयू सहा वाजता.'

केएसयू म्हणजे साइड स्टँड वर घेऊन चाकं हलवण्याची वेळ. शब्द पलटणीतून आल्यासारखा वाटतो, वेळ मात्र आपल्या लग्नपत्रिकेतल्या मुहूर्ताइतकीच पाळली जाते. साडेसहाला चहा होतो, पावणेसातला 'ब्रिफिंग' होतं आणि सातला सम्राट घरी राहिलेला डाव्या हाताचा ग्लव्ह आणायला जातात. तोवर बाकीचे दहा जण एकमेकांच्या गाड्यांभोवती फिरून, वधूपरीक्षा चालल्यासारखे, आधीच पाहिलेले भाग पुन्हा पाहतात.

सम्राट विमा कंपनीत अधिकारी आहेत. आठवडाभर लोकांना अपघाताची भीती घालणं हा त्यांचा व्यवसाय, आणि रविवारी तोच धोका स्वतः जाऊन तपासून येणं हा छंद. वय ४९. उंची बेताची, घेर बरा. ऑक्टोबरच्या उकाड्यात, जिथे पनवेलकर बनियनवर पेपर वाचतो, तिथे हे कोपर, खांदे, पाठ, गुडघे अशा सर्व आघाड्यांवर चिलखत चढवून लिफ्टची वाट पाहत उभे असतात. एकदा वहिनी दारातून म्हणाल्या, "एवढं घातलंच आहे तर येताना गर्दीतून भाजी आणा." सम्राटांनी हेल्मेटची काच खाली केली. संसारात त्या काचेचा त्यांना जेवढा उपयोग झालाय, तेवढा खडीवरही झालेला नाही.

त्यांची गाडी 'ड्युअल स्पोर्ट' प्रकारातली. म्हणजे डांबर आणि खडी अशा दोन डगरींवर पाय ठेवणारी. पुढचं चाक २१ इंची, पोट जमिनीपासून चांगलं वीतभर वर, बैठकीची उंची ८२५ मिलिमीटर. त्यामुळे गाडीचे पाय दोन्ही डगरींवर असले तरी सम्राटांचे एकाही डगरीला धड टेकत नाहीत. सिग्नलला ते फूटपाथची कड गाठूनच थांबतात. कड नसली तर सिग्नल सुटेपर्यंत लांबूनच रेंगाळत येतात.

हा प्रकार आपल्याकडे रुजायला वेळ लागला. 'हिरो'ने २०११ साली १५० सीसीची 'इंपल्स' काढली, तेव्हा लोकांना ही सायकलसारखी उंच, सीटच्या जागी फळी असलेली गाडी कशासाठी, तेच कळेना. ती फारशी खपली नाही आणि पुढे बंद पडली. मग २०१६ मध्ये 'हिमालयन' आली, २०१९ मध्ये 'एक्सपल्स', आणि बघता बघता ज्याला माथेरानचा घाट चढताना कानात दडे बसतात, त्याच्याही पेट्रोलच्या टाकीवर लडाखचं स्टिकर आलं. सम्राटांचं स्टिकर खारदुंगलाचं आहे. ते जुन्या पनवेलच्या बाजारात मिळतं. माझ्याकडे अजून ती इंपल्सच आहे, म्हणून मला ग्रुपमध्ये वडीलधाऱ्याचा मान आहे आणि चालवायला सगळ्यात शेवटची जागा. या जागेला 'स्वीप' म्हणतात. पुढच्यांचं जे जे गळेल, ते गोळा करत यायचं. आजवर मी तीन नंबरप्लेटा, एक चष्मा आणि एक जावई गोळा केलाय.

मोहिमेचा हंगाम दसरा ते दिवाळी. यामागे सम्राटांचं शास्त्र आहे आणि ते खरं आहे. आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पाणी डांबर आणि खडी यांच्या मध्ये शिरतं, दोघांची पकड सुटते, वरून चाकं फिरली की डांबर निघून जातं आणि खडी मोकळी होते. ऑक्टोबरात चिखल वाळलेला असतो, धुरळा अजून उठू लागलेला नसतो. खडी धुऊन स्वच्छ. "हा पंधरवडा हुकला की वर्ष गेलं," असं सम्राट म्हणतात, हापूसवाले बागाइतदार मोहोराबद्दल बोलतात त्याच काळजीने.

रस्त्याच्या कामाच्या पाट्यांवर 'मजबुतीकरण, खडीकरण व डांबरीकरण करणे' असं लिहिलेलं असतं. गावकरी ही पाटी शेवटून वाचतात, सम्राट मधला शब्द वाचून थांबतात. ब्रिफिंगमध्ये ते जॉन मॅकॅडमलाही आणतात. या स्कॉटिश गृहस्थाने (१७५६–१८३६) रस्त्यावर गोल गोटे टाकू नका, दगड फोडून कोनदार करा, म्हणजे चाकांच्या भाराखाली ते एकमेकांत अडकून घट्ट बसतील, हे जगाला पटवलं. आपल्याकडच्या डब्ल्यूबीएम रस्त्यातला 'एम' तो मॅकॅडमचाच. दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाने खडी हलू नये म्हणून एवढा जीव काढला, आणि आम्ही ती हललेली कुठे सापडते हे शोधत पेट्रोल जाळतो. हे मी एकदा बोलून दाखवलं, तेव्हापासून स्वीपने ब्रिफिंगमध्ये बोलायचं नाही असा नियम झाला.

बाकी उपदेश मोलाचा. फूटपेगवर उभं राहा. गुडघ्यांनी टाकी धरा. हँडल सैल सोडा, गाडी खालून नाचेल, नाचू द्या. नजर लांब ठेवा, चाकापुढच्या दगडाकडे पाहिलं की चाक त्याच दगडावर जातं. पुढचा ब्रेक म्हणजे सासरे : आहेत याचं भान ठेवावं, दाबून पाहू नये. आणि टायरमधली हवा थोडी कमी करा, पकड वाढते. गेल्या वर्षी दसऱ्यानंतरच्या रविवारी अकरा जणांनी आज्ञेबरहुकूम फुस्स फुस्स हवा सोडली. हवा पुन्हा भरायचा पंप ज्याच्या पिशवीत होता, तो त्या दिवशी आलेलाच नव्हता.

निघालो. सुकापूर मागे पडलं, नेरे आलं. एरवी इथून पुढे गाढेश्वराच्या धरणाकडे मुंबईकरांची गर्दी उसळते, पण पावसाळा सरला की रस्ता पुन्हा ठाकरवाड्यांचा होतो. समोर माथेरानचा कडा, उजव्या हाताला प्रबळगड, दोन्ही बाजूंना पिवळं पडलेलं भात आणि कापणीचे विळे. आम्ही कुठल्या वाडीचा फाटा धरला ते सांगत नाही. वाईट रस्ता कुणाला सांगायचा नसतो, उद्या तिथे कोणी आमदाराला घेऊन आलं तर? एवढंच सांगतो, की त्या कड्याच्या माथ्यावर माथेरान आहे आणि तिथे मोटरगाड्यांना बंदी आहे. ज्यांनी ती घातली, त्यांना सम्राटांसारख्यांची पूर्वकल्पना असावी.

खंडेनवमीला गाड्यांची पूजा झाली होती आणि झेंडूचे सुकलेले हार अजून हँडलवर होते. खडी सुरू झाली तशा पाकळ्या गळू लागल्या. पुढचे दहा जण वळणाआड गेले तरी मला वाट चुकायची भीती नव्हती, कारण पिवळा माग पडत चालला होता. एका वळणावर पाकळ्या एकदम ढीगभर दिसल्या. तिथे सम्राट पडले होते.

लागलं काही नव्हतं, चिलखत कामाला आलं. गाडी आडवी, सम्राट तिच्याशेजारी उताणे, आणि त्याही अवस्थेत हुकूम सुटला : "कुणी उचलायची नाही! आधी फोटो." फोटो झाले. मग उचलण्याची पद्धत त्यांनी पडल्या पडल्या समजावली : गाडीकडे पाठ करायची, बूड सीटला लावायचं, एक हात हँडलवर, एक मागच्या दांडीवर, आणि पायांनी रेटत मागे चालायचं. पद्धत शास्त्रशुद्ध आहे. सम्राट तिच्याप्रमाणे तीनदा मागे चालले आणि तिन्ही वेळा गाडीसकट चार बोटं सरकले.

एव्हाना शेतातले विळे थांबले होते. माणसं बांधावर आली. अकरा हेल्मेटं, खांद्यावर दोऱ्या, एकाच्या हातात जीपीएस, एकाचा ड्रोन वर घिरट्या घालतोय. पनवेल तालुक्यात याचा अर्थ एकच होतो. २०१३ साली विमानतळाभोवतीच्या नव्या शहरासाठी 'नैना' क्षेत्र जाहीर झाल्यापासून इथल्या शेतकऱ्याने फीत धरलेला अनोळखी माणूस कधी सहज म्हणून पाहिलेला नाही. एक आजोबा पुढे झाले. त्यांनी पडलेल्या गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मोजणी कंची? नैना का कॉरिडॉर?"

"मोजणी नाही काका. फिरायला आलोय."

"आमचं बारा गुंठं जाणार का राहणार, तेवढं सांगा. बाकी काय लपवायचं ते लपवा."

त्यांना पटवण्यात वीस मिनिटं गेली. ड्रोन खाली आणून पिशवीत घातला, तेव्हा कुठे चेहरे सैल झाले. मग आजोबांच्या खुणेसरशी चार पोरं आली आणि कुठल्याही शास्त्राशिवाय गाडी उभी झाली. कोणी तांब्याभर पाणी आणलं. सम्राट खडीवर बसले होते, आजोबा त्यांच्यासमोर उकिडवे.

"साहेब, एक विचारू? नेऱ्याचा रस्ता चांगला सोडून इकडं कशाला आलाव?"

"रस्ता खराब आहे म्हणूनच आलो, काका. असा रस्ता आता मिळत नाही."

आजोबांनी हे शांतपणे ऐकून घेतलं. सम्राटांच्या गुडघ्यावरच्या चिलखतावर बोटाने टकटक करून पाहिलं.

"आन् डांबर पडलं तर नाय येणार?"

"छे! मग कशाला येऊ?"

आजोबा उठले आणि पोरांकडे वळून म्हणाले, "अर्ज उद्याच नेऊन द्या रं."

परतताना सगळ्यांचे टायर मऊ होते आणि मिरवणुकीतल्या बैलगाडीच्या वेगाने आम्ही हवेच्या दुकानापर्यंत पोहोचलो. पुढे वाट वाकडी करून पळस्प्याला मिसळ झाली. मोहीम एकूण पन्नासेक किलोमीटर, त्यातली खडी साडेचार नव्हे, तीन. सोसायटीत शिरताना सम्राटांच्या गाडीचं पुढचं चाक फाटकासमोरच्या खड्ड्यात गेलं. "अरे, हा काय रस्ता आहे?" ते ओरडले. हेल्मेटची काच वर होती, त्यामुळे गॅलरीतल्या वहिनींपर्यंत स्पष्ट ऐकू गेलं.

वाडीतल्या रस्त्यावर या मे महिन्यात डांबर पडलं. सम्राट सध्या पर्यायाच्या शोधात आहेत. पनवेलपासून सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाला परत येता येईल इतक्या अंतरावर आपल्या गावचा रस्ता वाईट असेल तर कृपया कळवावे. मधे ओढा असल्यास प्राधान्य. गाडी उचलायला चार माणसं गावाने द्यायची आहेत, पंप आम्ही आणू.