कान्हे फाट्याचे कप्तान

लोणावळा लोकल वडगावातून सुटली की पुढचं स्टेशन कान्हे. गाव समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंच, पश्चिमेला सह्याद्री आडवा. शेजारून वाहणारी इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगवते. तिथून अरबी समुद्र केवढा जवळ! तरी ही बाई त्याच्याकडे पाठ फिरवून भीमा, कृष्णा करत पार बंगालच्या उपसागराला जाते. फाट्यावरून टाकव्याच्या रस्त्याने पुढे गेलं की ठोकळवाडीचं धरण लागतं. तिथलं पाणी मात्र टाटांनी १९२२ पासून उलटं वळवून भिवपुरीच्या वीजघरातून कोकणात उतरवलं. कप्तानांनी नदीचं ऐकलं नाही, टाटांचं ऐकलं आणि कोकणची वाट धरली.

‘कप्तान’ ही पदवी फाट्यावरच्या चहाच्या टपरीने दिलेली. एरवी माणूस तळेगावच्या एमआयडीसीत क्वालिटी विभागात, पायात सेफ्टी शूज, गळ्यात ओळखपत्र. असे कप्तान हल्ली कामशेत, वडगाव, तळेगाव कुठेही भेटतात. रस्त्यालगतचा जमिनीचा तुकडा विकला की मावळात कोणी काळी गाडी घेतो, कोणी बैलगाडा शर्यतीचा खोंड. बैलांचं तरी बरं, शर्यतीला सुप्रीम कोर्टाने परवानगी दिल्यावर घाटात हजारो माणसं बघायला येतात. कप्तानांनी मासेमारीचे रॉड घेतले. ते बघायला कोणी येत नाही, म्हणून ते स्वतःच दाखवत फिरतात.

घरात माडीवर इंद्रायणी तांदळाच्या पोत्यांशेजारी सहा रॉड उभे आहेत. (हा तांदूळही वडगावच्याच भात संशोधन केंद्राचा, पण कप्तानांना स्थानिक गोष्टींचं कौतुक कमी.) जपानी रीलची किंमत लाखाच्या घरात, ती घरी सांगितलेली नाही. पाहुण्याला ते आधी पॉपर हातात देतात. पॉपर म्हणजे वीतभर लांबीचा रंगीत लाकडी मासा, पुढून तोंड खोलगट कापलेलं. झटका दिला की पाण्यावर ‘भॉक’ असा आवाज करतो आणि खालच्या जायंट ट्रेव्हलीला वाटतं, वर कोणीतरी जखमी होऊन तडफडतंय. पॉपरला डोळे इतके जिवंत रंगवलेले असतात की वहिनींनी तो देवघराकडे तोंड करून ठेवू नका असं बजावलंय. त्याचे तिहेरी गळ आजवर माशांपेक्षा पडद्यांना, टॉवेलला आणि एकदा वहिनींच्या पदराला जास्त लागले. दंड म्हणून वहिनींनी जाड विणीच्या दोऱ्याचं एक अख्खं रीळ जप्त केलं. मोठी सुरमई पेलेल अशा त्या दोरीवर आता गॅलरीत ओल्या चादरी वाळतात आणि दोरी जराही झोळ देत नाही, हे वहिनी कौतुकाने सांगतात.

मोहीम निघते शुक्रवारी रात्री. मुक्काम देवबाग किंवा मालवण, अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास. पहाटे तांडेलाची फायबरची होडी किनाऱ्यावर तयार असते. कप्तान लाइफ जॅकेटवर आणखी एक खिशाखिशांचं जॅकेट चढवतात. तांडेल हाफ पँटवर.

किनारा दिसेनासा झाला की कप्तानांना बोट लागते. याबद्दल हसू नये, भल्याभल्यांना लागते. पण क्रीडा-मासेमारीचे जागतिक विक्रम नोंदवणारी जी संस्था आहे, आयजीएफए, तिचा नियम कडक: मासा लागल्यावर रॉडला दुसऱ्या कोणी हात लावला तर विक्रम बाद. कप्तान काठावर वाकलेले असताना रॉड कडाकडा वाकतो, तांडेल सवयीने तो धरतो, आणि कप्तान तशा अवस्थेतही मान वर करून ओरडतात, “हात लावू नका!” तांडेल हात सोडतो. मासाही सोडतो.

विक्रमाचं वेड मात्र खरं आहे. १९५३ साली ऑगस्टच्या ४ तारखेला पेरूच्या काबो ब्लांकोजवळ आल्फ्रेड ग्लासेल नावाच्या अमेरिकन गृहस्थाने ७०७ किलोचा काळा मार्लिन गळाला लावला, तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. हे कप्तान तारखेसकट सांगतात. लग्नाच्या वाढदिवसाची तारीख त्यांना फोन सांगतो. पु. ल. देशपांड्यांनी हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याची गोष्ट ‘एका कोळियाने’ म्हणून मराठीत आणली, ते पुस्तक त्यांच्या पिशवीत कायम असतं. त्यातला म्हातारा मार्लिन पकडतो आणि वाटेत शार्क तो खाऊन टाकतात, हे कप्तानांनी एकदा वडिलांना रंगवून सांगितलं. वडील माळकरी. म्हणाले, “त्यानं निदान आपणहून सोडला तर न्हाय.”

खरं दुखणं इथे आहे. कप्तान पकडलेला मासा सोडून देतात. सुरमई असो की ट्रेव्हली, फोटो काढायचा, लांबी मोजायची, गळ काढायचा आणि मासा पाण्यात तोंड पुढे करून धरायचा. कल्ल्यांतून पाणी वाहू लागलं, शेपटीत जोर आला की हात सैल करायचा. हे सगळं ते निगुतीने करतात, आणि खेळ म्हणून बघितलं तर ते योग्यच आहे. मोठा मासा म्हणजे पुष्कळ अंडी. तो परत गेलेला बरा. पण ही गोष्ट त्यांना मालवणात कोणाला पटवता आलेली नाही आणि मावळातही नाही. दीड हात सुरमई पाण्यात गेली तेव्हा तांडेल काही वेळ नुसता पाण्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, “सायबानू, सोडलात कित्याक?” बाजारात तिचे किती आले असते, हा हिशेब त्याने तोंडाने केला नाही, एवढा तो सभ्य.

तांडेलाची स्वतःची पद्धत वेगळी. लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेली तंगूस, शिशाचं वजन, गळाला बांगड्याचा तुकडा. कप्तान सतरा झटके देऊन पॉपर नाचवत असतात तेव्हा हा बोटावर दोरी धरून विडी ओढतो. बोटाला कळतं. हळूहळू वर येतो तो गोब्रा, ठिपक्याठिपक्यांचा, ओठ जाड.

गोब्र्याच्या बाबतीत निसर्गच कप्तानांच्या विरोधात गेला आहे. खोल तळातून झपाट्याने वर ओढलेल्या या माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, कधी जठर तोंडावाटे बाहेर येतं. नुसता सोडून दिला तर तो खाली जाऊ शकत नाही, उलटा तरंगत राहतो. म्हणजे सोडण्यात अर्थ नाही, नेलाच पाहिजे. कप्तानांच्या सगळ्या शास्त्रापैकी हा एवढाच मुद्दा घरी सर्वानुमते मान्य झाला आहे. वहिनी निघताना बजावतात, “खोलातलेच पकडा.”

वडिलांची अडचण वेगळी. माळ घातल्यापासून ते मासे खात नाहीत, पण खाणाऱ्याचा राग करत नाहीत. त्यांना राग या खेळाचा. “खायाचा तर खा, न्हायतर त्याच्या वाटंला जाऊ नगं,” असा त्यांचा निकाल. या वाक्याला कप्तानांकडे इंग्रजी व्हिडिओ आहेत, उत्तर नाही.

गंमत अशी, की ज्या माशाला गळवाले साहेबलोक डोक्यावर घेऊन नाचले तो कप्तानांच्या दाराशी आहे. निळ्या परांचा महसीर शास्त्रात प्रथम नोंदवला तो कर्नल साइक्स यांनी, १८३९ साली, तोही पुण्याच्या मुळा-मुठेतून. लोणावळ्याला वळवणच्या हॅचरीत टाटा पॉवर १९७० च्या दशकापासून त्याची पिल्लं तयार करतं. कान्ह्याहून वीसेक किलोमीटर. ही पिल्लं देशभर गेली. काही कावेरीत गेली आणि तिथल्या मूळच्या कुबडाच्या महसीरवरच भारी पडली, म्हणजे लोणावळ्याचं पाहुणेपण तिकडेही जरा जास्तच झालं. कप्तान वळवणवरून दर वेळी गाडी दामटत पुढे जातात. गोड्या पाण्याकडे ते फिरकत नाहीत.

अपवाद जून-जुलैचा. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना राज्याच्या समुद्रात मासेमारीबंदी, आणि दर्या असा खवळलेला की बंदी नसती तरी तांडेलाने फोन उचलला नसता. याच दिवसांत मावळात भाताची लावणी आणि ओढ्यांना चढणीचे मासे. पोरं गुडघाभर पाण्यात जुनी मच्छरदाणी लावून मळे, खवल्या धरतात. वाडीवरचा एखादा पोरगा वेताएवढ्या काठीला गांडूळ लावून मरळ काढतो. कप्तान छत्री घेऊन पुलावर उभे राहून त्यांना रीलचा ड्रॅग कसा ठेवावा हे सांगतात. पोरं ‘हो काका’ म्हणतात आणि मासे पिशवीत टाकत राहतात. १ ऑगस्टला बंदी उठते तेव्हा श्रावण लागलेला असतो नाहीतर तोंडावर आलेला असतो, आणि माळकऱ्याच्या घरात श्रावणात मासेमारीचं नावसुद्धा काढता येत नाही.

कप्तानांची दोन स्वप्नं आहेत. पहिलं आंग्रिया बँक, विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर पाण्याखाली असलेलं प्रवाळांचं पठार. ते एका वाक्यात निकालात निघालं. तांडेल म्हणाला, “डिझेलाचे पैसे कोण देतलो?” दुसरं अंदमान. तिथली जायंट ट्रेव्हली जगभरच्या गळवाल्यांना माहीत आहे. त्यासाठी कप्तानांनी रजा साठवली, नवा रॉड घेतला, आणि वहिनींना सहज सांगितल्यासारखं सांगितलं. वहिनींनी लगेच होकार दिला. जाऊ, सगळेच जाऊ, सेल्युलर जेल बघायचं कधीचं राहिलंय. सहल कंपनीचं बुकिंगही त्यांनीच केलं, सासऱ्यांना धरून पाच जणांचं. कार्यक्रमपत्रिकेत समुद्र आहे. पाचव्या दिवशी नाश्त्यानंतर दोन तास, काचेच्या तळाच्या बोटीतून मासे बघणे.