अर्ध्यावर सोडलेला अ‍ॅम्प्लिफायर तडीस कसा न्यावा
(नवशिक्यांसाठी सचित्र नसलेले मार्गदर्शन. पूर्वानुभवाची अट नाही. पूर्वसंचित मात्र बरं असावं.)

अमेरिकेतल्या एखाद्या गराज सेलमध्ये, घडीच्या टेबलाखाली, ‘डायनाकिट’ असं छापलेलं जड खोकं ज्यांना दिसलं आणि ज्यांनी ते उचलून गाडीत ठेवलं, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. जे खोकं पाहून पुढे गेले त्यांना कसल्याच मार्गदर्शनाची गरज नाही. त्यांचं उत्तम चाललेलं असतं.

खोक्यात डायनाको स्टिरिओ ७० आहे असं धरून चालू. फिलाडेल्फियाच्या डेव्हिड हाफलरच्या कंपनीने तो १९५९ साली बाजारात आणला. स्वतः जोडायचं किट ९९ डॉलर ९५ सेंटला. चार ईएल ३४, दोन ७१९९ आणि एक जीझेड ३४ असे सात व्हॉल्व्ह, आणि दोन्ही चॅनेलला ३५-३५ वॅट. लाखांनी खपला. घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो रीतसर जोडला आणि वर्षानुवर्षं ऐकला. तुमच्या खोक्याचा मालक मात्र मधेच उठला तो परत बसलाच नाही.

इथे एक गोष्ट मनात पक्की करा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. बंद पडलेला अ‍ॅम्प्लिफायर कधीतरी चालू होता. त्याची जोडणी बरोबर होती, हे त्याने एकदा वाजून सिद्ध केलेलं असतं. आता फक्त काय बिघडलं ते शोधायचं. अर्धवट अ‍ॅम्प्लिफायरने आयुष्यात काहीही सिद्ध केलेलं नाही. त्यातली प्रत्येक तार ही एका अनोळखी माणसाचं मत आहे.

पायरी १ : पूर्वसूरींचा अभ्यास

खोक्याच्या तळाशी माहितीपुस्तिका असेल. प्रत्येक सूचनेपुढे एक चौकोन असतो आणि काम झालं की त्यात खूण करायची असते. या खुणा नीट वाचा. पहिल्या पानावर त्या ठळक आणि चौकोनाच्या आत असतील. तिसऱ्या पानावर चौकोनाबाहेर पडू लागतील. त्यानंतर चार-चार सूचनांना मिळून एकच लांब रेघ दिसेल. आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या तारांपाशी एक खूण केलेली, मग खोडलेली, मग पुन्हा केलेली सापडेल. त्या जागी कागद घालून ठेवा. आपण तिथे परत येणार आहोत.

तूर्त सगळ्या खुणा रद्द समजा आणि पहिल्या सूचनेपासून स्वतःच्या पेन्सिलीने सुरुवात करा. ‘एवढं तर झालेलंच आहे, उरलेलं तेवढं उरकू’ हा विचार मनात येईल. पूर्वसूरींच्याही मनात हाच आला होता.

पायरी २ : काय ठेवायचं, काय टाकायचं

जुनं जपावं या उदात्त भावनेने सुरुवात करावी आणि पुढीलप्रमाणे यादी करावी :

ठेवायचं : पॉवर ट्रान्सफॉर्मर, दोन आउटपुट ट्रान्सफॉर्मर, चोक, चॅसी.

टाकायचं : बाकीचं.

यावर विक्रेत्याचा युक्तिवाद असा की सगळे भाग ‘कोरे, न वापरलेले’ आहेत. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरच्या बाबतीत हा गुण नसून आजार आहे. त्याच्या आतला ऑक्साइडचा थर व्होल्टेज मिळालं तर टिकतो, फळीवर नुसता पडून राहिला तर झिजतो, आणि रसायन सुकतं ते वेगळंच. साठ वर्षं आराम केलेल्या कंडेन्सरला एकदम चारशे व्होल्टच्या वर नेलं तर तो आपली नाराजी मोठ्याने व्यक्त करतो.

कार्बनचे रेझिस्टन्सही बसल्याजागी वाढतात. रंगपट्ट्या २७० किलोओहम सांगतात, मीटर ३३० दाखवतो. मीटरवर विश्वास ठेवा. बायसच्या, म्हणजे व्हॉल्व्हचा करंट आवरणाऱ्या उणे व्होल्टेजच्या, सप्लायमध्ये सेलेनियमचा चौकोनी, पंखांचा रेक्टिफायर असेल. तोही काढून साधा सिलिकॉन डायोड घाला. सेलेनियम जळल्याचा वास एकदा घरात भरला की अ‍ॅम्प्लिफायर आणि तुम्ही, दोघांची रवानगी तळघरात होते.

नवा कंडेन्सर घालताना ‘मोठा तेवढा चांगला’ हे तत्त्व आवरा. मुळात पहिल्या टप्प्याला ३० मायक्रोफॅरड दिलेले आहेत. जीझेड ३४ ला ६० च्या वरचा पहिला कंडेन्सर मानवत नाही; आत ठिणग्या पडतात. हा व्हॉल्व्ह स्वस्त नाही. ७१९९ तर त्याहून दुर्मीळ. तो न मिळाल्यास ६जीएच८ए अ‍ॅडॉप्टरवर बसवतात, कारण त्याच्या पायांचा क्रम वेगळा आहे. अ‍ॅडॉप्टरशिवायही तो सॉकेटमध्ये छान बसतो. तसा बसवू नये.

पायरी ३ : सोल्डर

पूर्वसूरींचे जोड भिंगाखाली पाहा. चांगला जोड चकचकीत असतो आणि तारेला सगळीकडून धरून असतो. इथे राखाडी, दाणेदार गोळे दिसतील. अशा गोळ्यातली तार चिमट्याने हलकेच ओढली की ती गोल फिरते. गोळा जागच्या जागी. याला ड्राय सोल्डर म्हणतात. आणखी एक प्रकार असा : टॅगवर तीन तारा यायच्या होत्या, पूर्वसूरींनी दोन आल्यावरच सोल्डर केलं, आणि तिसरी वरून टेकवून ठेवली. ती टेकलेलीच आहे.

सगळे जोड उकला. जुनं शिसं-कथील वेणीने शोषून घ्या, टॅग स्वच्छ करा, तार आधी पक्कडीने वळवून अडकवा, मग डाग द्या. पुस्तिका सांगते तेव्हाच द्या.

पायरी ४ : जिवंत राहणे

ही पायरी विनोदी नाही. आत चारशे व्होल्टच्या वर डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये राहू शकतो. प्लग काढा, थांबा, क्लिप लावलेल्या रेझिस्टन्समधून कंडेन्सर रिकामा करा, आणि मीटरने शून्य पाहिल्याशिवाय आत बोट घालू नका. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करणारे काका प्रत्येकाच्या ओळखीत असतात; त्यांचं अनुकरण नको. चालू यंत्रावर मोजताना एक हात पाठीमागे ठेवा. मूळची दोन तारांची वायर काढून अर्थिंगची तीन तारांची घाला आणि अर्थ चॅसीला पक्का जोडा. ज्यांनी आजवर घरातला फ्यूजसुद्धा बदललेला नाही, त्यांनी इथून पुढे एखाद्या जाणकाराला शेजारी बसवावं.

पायरी ५ : सिरीज दिवा

आपल्याकडचा कुठलाही वायरमन नवं काम तपासताना सिरीजमध्ये दिवा लावतो. तेच करा. एलईडी चालत नाही. तारेचाच दिवा हवा. अमेरिकेत २०२३ पासून असे बहुतेक साधे दिवे विकायला बंदी आहे. तेव्हा जुनी वस्तू तपासण्यासाठी आधी दुसरी जुनी वस्तू शोधा.

सर्व व्हॉल्व्ह काढून स्विच लावा. दिवा क्षणभर उजळून मंद झाला, तर ट्रान्सफॉर्मर शाबूत. लख्ख पेटून राहिला, तर कुठेतरी शॉर्ट आहे; प्लग काढा. सगळं ठीक असेल तर मीटरचं एक टोक चॅसीला लावून ईएल ३४ च्या सॉकेटचा पाचवा पाय मोजा. तिथे उणे ३० ते ४० व्होल्टच्या दरम्यान काहीतरी हवं. ते नसेल आणि तुम्ही व्हॉल्व्ह बसवलेत, तर प्लेट लाल होतील. दिसायला सुंदर दिसतं. पाहत बसू नये.

पायरी ६ : बायस

स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्ह तापवू नका; लोडविना आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. मात्र स्पीकर जुना, ज्याचं कुणाला वाईट वाटणार नाही असा घ्या. सिरीज दिवा काढा, व्हॉल्व्ह बसवा, आणि पुढच्या तपासणी-सॉकेटवर १.५६ व्होल्ट येईपर्यंत बायसचा नॉब हळूहळू फिरवा.

१.५६ च का? प्रत्येक चॅनेलच्या दोन ईएल ३४ चा करंट एकाच १५.६ ओहमच्या रेझिस्टन्समधून जातो. म्हणजे १.५६ व्होल्टला दोघांचे मिळून बरोबर १०० मिलिअँपिअर. शिवाय टॉर्चच्या कोऱ्या सेलचं व्होल्टेजही तेवढंच असे. ज्याला आपल्या स्वस्त मीटरचा भरवसा नाही, त्याने सेल मोजावा, काटा कुठे थांबतो ते पाहावं आणि बायस तिथेच आणावा. गिऱ्हाइकाच्या हातात कसली हत्यारं असणार, हे ज्याला ठाऊक होतं त्याने हा आकडा निवडला.

पायरी ७ : पहिला आवाज

डावा चॅनेल गाईल. उजवा किंचाळेल.

आता पहिल्या पायरीत कागद घालून ठेवलेलं पान उघडा. आउटपुट ट्रान्सफॉर्मरची निळी आणि हिरवी तार प्लेटांकडे जाते. त्यांची अदलाबदल झाली की आवाज सुधारणारा फीडबॅक उलटा होतो आणि यंत्र स्वतःलाच ओरडून दाखवतं. पूर्वसूरींनी खूण केली, खोडली, पुन्हा केली, आणि शेवटी चुकीच्या मतावर स्थिर झाले. तुम्ही सगळं नव्याने तपासलंत, पण हे दोन रंग जुन्या वेष्टनावर सारखेच मळकट दिसतात. स्विच बंद, कंडेन्सर रिकामा, मग त्या चॅनेलच्या दोन्ही जोड्यांमध्ये, म्हणजे निळी-हिरवी आणि पांढऱ्या पट्ट्याची निळी-हिरवी, प्रत्येक जोडीतल्या दोन तारा आपसात बदला.

काही शंका

प्रश्न : बाबा, याला ब्लूटूथ आहे का?
उत्तर : नाही.

प्रश्न : पुण्याला नेता येईल का?
उत्तर : स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्ट उतरवून देतो, ५० सायकलचे ६० करून देत नाही. साठसाठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर पन्नासवर जास्त तापतो. पुण्याच्या मे महिन्यात त्यात भर घालण्याआधी विचार करावा.

प्रश्न : एवढ्या खर्चात नवीन आला नसता का?
उत्तर : पुढचा प्रश्न.

पायरी ८ : पुढच्यासाठी

काय काय बदललं, कुठे किती व्होल्टेज मोजलं आणि कुठल्या तारा उलट निघाल्या, ते तारखेसह एका कागदावर लिहा आणि खालच्या झाकणाच्या आतून चिकटवा. कधीतरी हे खोकं पुन्हा कुणाच्या तरी घडीच्या टेबलाखाली जाईल. पुढचा माणूस शहाणा असेल तर तुमच्या एकाही खुणेवर विश्वास ठेवणार नाही. पण आधी कशावर ठेवायचा नाही, याची यादी तरी त्याला आयती मिळेल.