स्वतंत्र संशोधन

एम.ए.च्या लघुप्रबंधाला ‘स्वतंत्र संशोधन’ म्हणतात ते उगाच नाही. तो विद्यार्थ्यापासूनही पूर्ण स्वतंत्र असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार दुसऱ्यांच्या लिखाणाशी असलेल्या १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. ४० टक्क्यांपर्यंत गेलं, तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं. पोरांनी नियमाचा मान राखून ‘अभ्यास’चं ‘अध्ययन’ केलं, ‘निष्कर्ष’चं ‘फलित’. मराठी केवढी समृद्ध झाली! ऋणनिर्देश साम्याच्या तपासणीतून वगळलाय, हेही थोरच. ‘अमूल्य मार्गदर्शन’ किती जणांनी वेगवेगळ्या शब्दांत लिहायचं?

आमची नम्र सूचना एवढीच, की तोंडी परीक्षेला फाटकाजवळच्या झेरॉक्सवाल्याला बसवावं. सगळे प्रबंध निदान त्यानं तरी उलटलेत. परवा एक मार्गदर्शकही त्याच्याकडेच चौकशी करत होते, यंदा आपल्या विद्यार्थ्यांचे विषय कोणते म्हणून.